तेविसावी रेघ

१

आटपाट नगर होतं, असं सगळे सांगतात. इथे नगर नव्हतं, नुसतं आटपाट रान होतं. लाल माती, काळे लोखंडी दगड, मल्गाची काटकुळी झाडं, आणि गाडीनं तीन तास गेलं तर एक घर. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या त्या रानात दर हिवाळ्याला सोनं शोधायला दोन म्हातारी माणसं यायची, नवरा क्लॅरी ट्रेविन आणि बायको नोला. क्लॅरी एकाहत्तरचा, डाव्या कानानं बहिरा आणि उजव्या कानानं हट्टी. नोला सहासष्टची. गुडघे गेलेले, नजर मात्र घारीची. त्यांची एकुलती मुलगी ब्रॉन, ती दूर दक्षिणेला समुद्रकाठी नांदत होती.

अकरा हिवाळे झाले होते. अकरा हिवाळ्यांचं सोनं एका औषधाच्या बाटलीत मावलं होतं, आणि वर बूच लावून बाटली अर्धी रिकामी होती. सगळं कणीएवढं, जोंधळ्याएवढं.

निघताना ब्रॉननं आईला दाराशी धरलं. "आई, हे शेवटचं वर्ष हं. सोनं नाही मिळालं तर नाही मिळालं. बाबांना हातीपायी धड परत आण. तुझ्याकडून मला तेवढंच हवंय."

"आणते," नोला म्हणाली. शब्द देऊन बसली.

पण त्या वर्षी हिवाळा सरला, ऑक्टोबर तापायला लागला, बाकीचे सोनेवाले गाड्या भरून निघून गेले, तरी क्लॅरी हलेना. "आणखी चार दिवस, नोल. ही जमीन बोलतेय माझ्याशी."

"तुझ्याशी? तुला मी बोललेलं ऐकू येत नाही."

२

त्यांची कामाची रीत ठरलेली. पहाटे काळा चहा, निखाऱ्यात भाजलेला डॅम्पर नावाचा जाड पाव आणि त्यावर काकवी. मग खडूनं गाडीच्या दारावर लिहायचं: कोण गेलं, कुठल्या दिशेला, किती पाणी घेतलं, परत कधी. ते लिहिल्याशिवाय नोला त्याला पाऊल टाकू देत नसे. मग कानावर हेडफोन, हातात धातू हुडकणारा डिटेक्टर, आणि कमरेला साखळी.

साखळी कशाला, तर रेघ उठायला. माणूस डिटेक्टरची तबकडी जमिनीवरून डावीउजवीकडे फिरवत सरळ चालतो, मागे साखळी घसटत येते, मातीत रेघ पडते. परत येताना त्या रेघेला लागून दुसरी. अशी जमीन नांगरल्यासारखी रेघांनी भरत जाते, एक वीत सुटत नाही, आणि वाट चुकलीच तर आपलीच रेघ धरून माणूस घरी येतो. क्लॅरीची साखळी दुपदरी, तिच्या दोन बारीक रेघा जोडीनं चालायच्या. नोलाची जुन्या फाटकाची, एकपदरी. कुणाची रेघ कुणी ओलांडायची नाही आणि खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे तिथले दोन नियम. ते मोडणाऱ्याला चहासुद्धा कुणी विचारत नाही.

एके दिवशी संध्याकाळी क्लॅरीनं बिस्किटाच्या पुड्यावर रेघा मांडल्या. बावीस.

सकाळी नोला सवयीनं मोजत गेली. तेवीस.

ती परत मोजायला लागली. क्लॅरीच्या दहा, तिच्या बारा, आणि पश्चिमेच्या कडेला एक. बाकीच्यांना लागून, तेवढंच अंतर सोडून, दोरी धरून आखावी तशी सरळ. पण रुंद. अंगठ्याएवढी. साखळीची कडी न् कडी मातीत उठलेली.

आणि बाजूला पाऊल एकही नाही.

नोला वाकली. साप असता तर रेघ नागमोडी असती. घोरपड शेपूट ओढत जाते, पण दोन्हीकडे नखं उमटतात. वाऱ्यानं पावलं पुसली म्हणावं, तर वारा आधी रेघ पुसेल. पावलं जड, रेघ हलकी.

"क्लॅरी, काल तू पश्चिमेला एक जादा फेरी मारलीस का?"

"मारली असेल."

"हवेतून चालत?"

"अगं, माझ्या पायांनी मला किती वर्षं उचलून धरलंय. एखाद दिवस उडाले असतील." तो हसला आणि हेडफोन चढवून चालू लागला.

नोला हसली नाही. त्या रेघेपासून दोन हात सोडून तिनं आपली रेघ धरली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

३

डिटेक्टर चालू असला की कानात एक बारीक गुणगुण असते. एकसारखी. धातू आला की ती चढते. अकरा वर्षांत नोलाला त्या गुणगुणीची इतकी सवय झाली होती की घरी फ्रीजच्या आवाजानंही तिला झोप लागे.

दुपारच्या आधी त्या गुणगुणीच्या खालून दुसरा आवाज आला.

खळ्. खर्रर्र. खळ्.

ती थांबली. तिची साखळीही थांबली. आवाज थांबला नाही. जड काहीतरी खडीवरून ओढत नेल्यासारखा, डावीकडून पुढे, पुढून लांब.

तिनं हेडफोन काढले. माश्या, उन्हात तडकणारं एखादं झाड, दूरवर क्लॅरीचा खोकला. बस्स. परत कानाला लावले.

खळ्. खर्रर्र.

बाहेर नाही, पण आत आहे. नोला शाळा फार शिकलेली नव्हती, तरी एवढं तिला कळत होतं की हेडफोनला जमिनीतला धातू ऐकू येतो, जमिनीवर कोण चालतंय ते नाही.

जेवायच्या वेळी, डब्यातलं मांस पावावर पसरताना तिनं विषय काढला.

"वायर ढिली झालीय," क्लॅरी म्हणाला. "आण, चिकटपट्टी लावतो."

"ढिली वायर चालत कशी जाईल? आवाज चालत जातो, क्लॅरी."

"मग ऊन लागलंय तुला. पाणी पी."

ती पाणी प्यायली. दोन पेले. मग मुद्दाम पश्चिमेला पाहून आली. तिथे आता तीन रुंद रेघा होत्या. तिन्ही तिथल्या बुटक्या टेकडीकडून येणाऱ्या, आणि प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा त्यांच्या गाडीच्या जवळ.

"उद्या निघू या," ती म्हणाली.

"उद्याचा दिवस दे. परवा पहाटे निघू. शप्पथ."

तिनं दिला. पुढे कित्येक दिवस त्या एका दिवसासाठी ती स्वतःला बोल लावत राहिली.

४

दुसऱ्या दिवशी क्लॅरीनं दारावर लिहिलं: *क्लॅरी, पश्चिम, एक बाटली, दहाला परत.* नोलाच्या गुडघ्यानं त्या दिवशी संप केला होता, ती चुलीवरच्या चहाच्या डब्याशी बसून राहिली.

दहा वाजले. साडेदहा. क्लॅरी उशीर करी, पण चहाला नाही. अकराला पारा चाळिसावर गेला. तिनं गाडीचा भोंगा तीनदा वाजवला, थांबली, पुन्हा तीनदा वाजवला. रानानं तो गिळून टाकला.

तिनं रेडिओ उचलला. तीन तासांवरच्या त्या एका घरात डल्सी राहायची. मेंढ्यांचा मोठा पसारा सांभाळणारी विधवा, रोज संध्याकाळी सहाला या दोघांची हजेरी घेणारी.

"डल्सी, म्हातारा आला नाही."

"किती वेळ झाला?"

"तासाच्या वर."

"पाणी?"

"एक बाटली."

मग डल्सी म्हणाली, "मी निघते, मोठी टाकी घेऊन. हे बघ नोला, तुझा स्वभाव माहीत आहे मला. बैस म्हटलं तर बसणार नाहीस. मग निदान अक्कल घेऊन जा. दारावर लिही. पाणी घे. झाडांना चिंध्या बांध. आणि मागची चिंधी दिसेनाशी झाली की तिथून पुढे एक पाऊल टाकायचं नाही. एकाला शोधायला येतेय, दोघांना नको."

"बरं."

"नुसतं बरं नको. म्हण."

"मागची चिंधी दिसेनाशी झाली की थांबेन."

नोलानं जेवणाच्या टेबलावरचं लाल कापड टरटरा फाडलं, पाण्याचे दोन कॅन काठीला अडकवले, दारावर आपलं नाव लिहिलं आणि क्लॅरीच्या दुपदरी रेघेवर पाय ठेवला.

५

रेघ आधी शहाण्यासारखी सरळ गेली. मग वाकडी झाली. तिथे एक बुजवलेला खड्डा होता, पुढे वीस पावलांवर दुसरा, मग तिसरा. नोलाला समजलं. कणीमागे कणी लागत गेली होती आणि म्हातारा कोंबडीसारखा टिपत टिपत निघाला होता. अशा वेळी माणूस वर बघत नाही. डोळे जमिनीवर, कान बंद, आणि सूर्य डोक्यावरून कुठे सरकला त्याचा पत्ता नाही.

चौथ्या खड्ड्याशी ती वाकली. खड्डा नीट बुजवलेला होता, पायानं थापलेला. त्याच्या कडेला क्लॅरीची पाण्याची बाटली उभी होती. खणायला बसताना खाली ठेवली, खड्डा बुजवायचा नियम आठवणीनं पाळला, आणि बाटली विसरून गेला.

"अरे गाढवा," ती मोठ्यानं म्हणाली. "अरे माझ्या म्हाताऱ्या गाढवा."

टेकडीच्या माथ्यावर तिनं शेवटची चिंधी बांधली. पलीकडे उतार, खाऱ्या झुडपांचा सपाट माळ, आणि वर पिवळट झालेलं आभाळ. वारा उठत होता. हाक मारली. उत्तर नाही.

क्लॅरीची रेघ खाली उतरत होती. तिच्या अगदी शेजारून, खांद्याला खांदा लावून चालावं तशी, ती रुंद रेघ उतरत होती. बाजूला पावलं फक्त क्लॅरीची.

नोला चिंधीपाशी उभी राहिली. डल्सीला शब्द दिलेला होता. पोरीलाही दिलेला होता. दोन शब्दांतला एक मोडणार होता. डल्सीची ती मनातल्या मनात माफी मागून उतरली.

दोनशे पावलं मोजली. दोनशे एकाव्या पावलाला क्लॅरी दिसला.

६

तो मातीत बसलेला होता. टोपी पडलेली, ओठ पांढरे, एक पाय विचित्र मुडपलेला. डिटेक्टर मांडीवर, आणि नजर समोरच्या झुडपांच्या जाळीवर खिळलेली. नोलानं त्याच्या तोंडाला पाणी लावलं. घोट, थांब, घोट. तो पाणी पीत होता आणि ती त्याला शिव्या देत होती, दोन्ही एकदम चाललं होतं.

"नोल," तो म्हणाला, "अगं, आधीच का नाही बोललीस? मघापासून मागे उभी आहेस."

"मी आत्ता आलेय."

"मग साखळी कुणी ओढली?"

नोलाचा हात थांबला.

"समोर आवाज लागला होता," क्लॅरी सांगू लागला. "जन्मात ऐकला नाही असा. तिथे, त्या जाळीत. मी पाऊल उचललं आणि मागून कुणीतरी कमरेची साखळी ओढली. जोरात. उलटा पडलो, पाय मुरगळला. मला वाटलं तूच. मी म्हटलं, नोल, सोड. नेहमी तूच ओढतेस ना मला मागे."

त्याची साखळी त्याच्या मागे सरळ, ताठ पडलेली होती. आणि त्याच्या पुढे, बुटांच्या टोकापासून हातभर अंतरावर, ती रुंद रेघ आडवी गेली होती. एकदा नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा ओढून माती खोल गेली होती. सोनेवाल्यांत कुणी कुणाला आडवी रेघ मारत नाही. ही मारली होती.

नोलानं एक दगड उचलला आणि रेघेपलीकडे जाळीत टाकला. कुजक्या फळ्या मोडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग काहीच नाही. मग फार खोल, पाण्यात पडल्यासारखं, टप्प.

शंभर वर्षांपूर्वीच्या खाणी त्या रानात अशाच उभ्या आहेत. विहिरीसारख्या सरळ, तोंडावर फळ्या, फळ्यांवर माती, मातीवर झुडपं.

क्लॅरीनं तिचा हात घट्ट धरला. चाळीस वर्षांत इतका घट्ट धरला नव्हता.

तेवढ्यात वारा आला.

७

लाल धूळ उठली आणि टेकडी नाहीशी झाली. आधी माथा, मग उतार, मग दहा पावलांवरची झुडपं. क्लॅरीची दुपदरी रेघ डोळ्यांदेखत भरून आली, पुसली गेली. नोला स्वतःभोवती फिरली आणि फिरताच तिला समजलं की आता आपण कुठे तोंड करून आहोत ते आपल्याला माहीत नाही. खाणीचं तोंड जवळ. नवरा लंगडा. पाणी दीड कॅन.

बसून राहावं, हे शहाणपण. पण त्या फळ्यांशेजारी?

क्लॅरीचे हेडफोन गळ्यात लोंबत होते. त्यांतून बारीक आवाज येत होता. नोलानं ते कानाला लावले.

खळ्. खर्रर्र. खळ्.

जवळ. अगदी जवळ. मग जरा पुढे. मग थांबला. माणूस थांबतो तसा, मागचे येताहेत का बघायला.

"क्लॅरी, ऊठ. माझ्या खांद्यावर भार दे. डिटेक्टर माझ्याकडे."

"कुठे जायचंय?"

"विचारू नकोस. खाली बघून चाल."

ती स्वतः मात्र पुढे पाहत होती. पुढच्या जमिनीवर, वाऱ्यानं सगळं पुसत असताना, एक रेघ उठत होती. कडीमागे कडी. माती दोन बोटं वर उडायची आणि बाजूला पडायची. ओढणारं काही नव्हतं. नोला डावीकडे ढळली की कानातला आवाज मंद व्हायचा, परत वळली की स्पष्ट. तिच्या डोक्यात शहाणपण ओरडत होतं, ऊन लागलंय बाई, थांब. आणि पाय चालत होते.

एकदाच तिनं नजर उचलली. धुळीचा लोट सरळ अंगावर येत होता, पण पुढे एका जागी तो दुभंगत होता. पाण्यात खांब रोवावा आणि पाणी दोन्हीकडून वळून जावं, तसा. खांबाची उंची माणसाएवढी. खांदे जरा वाकलेले.

नोलानं चटकन मान खाली घातली. पुढची वाट ती रेघेखेरीज काहीही न बघता चालली, तोंडानं क्लॅरीला म्हणत, "डावा. उजवा. डावा. शाब्बास."

मग गालाला काहीतरी फडफडून लागलं आणि ती किंचाळली.

लाल चिंधी.

"टेबलक्लॉथ!" क्लॅरी म्हणाला. "अगं, हा ब्रॉननं दिलेला टेबलक्लॉथ फाडलास तू?"

नोला तिथल्या तिथे हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली. पुढे दुसरी चिंधी, तिसरी, आणि रेघ चिंधीच्या एकेका झाडाच्या बुंध्याशी लागून चाललेली. शेवटी धुळीतून गाडीचं पांढरं दार दिसलं, त्यावर खडूची दोन नावं.

कानातला आवाज थांबला. पुन्हा कधी आला नाही.

८

वारा पडल्यावर डल्सी आली, पाण्याची टाकी, मलमपट्टी आणि पल्लेदार आवाज घेऊन. आधी क्लॅरीला झापलं, मग नोलाला झापलं, मग दोघांना मिठी मारली. त्याचा पाय बांधून ती नोलाला घेऊन गाडीनं टेकडीपलीकडे गेली. खाणीभोवती खुंट ठोकून पिवळी फीत बांधायची होती. दुसऱ्या कुणाचं पाऊल पडायला नको. डल्सीनं लांबूनच बॅटरीचा झोत टाकला. मोडक्या फळ्यांच्या आत एक आडवा वासा होता आणि त्यावरून एक जुनी गंजकी साखळी खाली लोंबत होती. कडी अंगठ्याएवढी. क्लॅरीच्या कानात लागलेला तो मोठा आवाज हिचाच.

"बरीच जमीन केलीत," परत येताना डल्सी टेकडीच्या आडोशाला उरलेल्या रेघांकडे बघत म्हणाली. "तिघांच्या रेघा दिसताहेत."

"आम्ही दोघंच आहोत."

थर्मासमधला राहिलेला चहा डल्सीनं झाकणात ओतला आणि जाता जाता हलकेच मातीवर सोडला. पाहुण्याला द्यावा तसा.

सकाळी सामान बांधायचं होतं, म्हणून डल्सी रात्री तिथेच राहिली. क्लॅरी खुर्चीत पाय वर करून हुकूम सोडत होता. नोला मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती. बाकी सगळ्या रेघा रात्रीच्या वाऱ्यानं नेल्या होत्या. एकच शिल्लक होती. ती गाडीपर्यंत आली होती, पण दाराशी थांबली नव्हती. पुढचं चाक आणि चूल यांच्यामधून वळून ती क्लॅरीच्या वळकटीखाली गेली होती आणि तिथेच संपली होती.

"ऊठ," नोला म्हणाली. "वळकटी उचल. डबे, खुंट, खुर्ची, सगळं लांब ने, डल्सी."

"अगं, स्वतःच्या अंथरुणाखाली कोण शोधतं?" क्लॅरी म्हणाला.

"कुणीच नाही. म्हणून तर."

खरंच होतं ते. सोनेवाला सगळं रान विंचरतो, पण आपल्या बिऱ्हाडाखालची जमीन सोडतो. तिथे डब्यांचा नि खुंटांचा गोंगाट असतो, तबकडी वेडी होते. दोघं त्या जागेवर एकोणीस दिवस झोपली होती.

सगळं हलवल्यावर नोलानं तबकडी फिरवली. गुणगुण चढली, चढतच गेली. दोन वितींवर कुदळ मऊ काहीतरी चाटून गेली. डल्सीनं हातानं माती सारली. मेंढीच्या काळजाएवढा, तशाच आकाराचा, पिवळाजर्द गोळा.

"एकोणीस दिवस माझ्या कमरेला टोचत होतं," क्लॅरी म्हणाला. "मी म्हणत नव्हतो, दगड आहे म्हणून?"

नोलानं खड्डा बुजवला. पायानं नीट थापला. वर चहाचा एक भरलेला पेला ठेवला आणि मगच गाडीत बसली.

रेडिओवरून ब्रॉनला निरोप गेला तेव्हा तिनं आधी एकच विचारलं, "बाबा?" नोला म्हणाली, "हातीपायी धड. एक पाय जरा कमी धड." मग सोन्याचं सांगितलं.

ब्रॉनच्या शेजारी एक रिकामं घर होतं, मागे लिंबाचं झाड असलेलं, ते म्हातारा-म्हातारीचं झालं. तिथे संध्याकाळी तिघांचा चहा होतो आणि पेले चार मांडतात. कुणी विचारत नाही. पोरीला बाप मिळाला, बापाला सोनं मिळालं, नोलाला समुद्राचा वारा मिळाला. त्यांना घरी आणणारी रेघ सापडली, तशी वाट चुकलेल्या प्रत्येकाला सापडो, आणि आपलं सोनं आपल्याच अंथरुणाखाली निघो.